बिरादारांनी ऑइल बदललं

“गाडी ठेवून जा, संध्याकाळी या,” हे वाक्य नरसिंग बिरादारांनी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी ते त्यांना झोपेतही ऐकू यायला लागलं. ते मोटारसायकल ठेवून जायचे. संध्याकाळी यायचे. गाडी सकाळी जिथं उभी केली तिथंच असायची. फरक एवढाच, की दिवसभरात कुणीतरी तिच्या सीटवर बसून डबा खाल्लेला असायचा. “आज लई लोड होता साहेब,” मेकॅनिक म्हणायचा. “उद्या पहिला नंबर तुमचा.” आणि दुसऱ्या दिवशी सीटवर वरणाचा आणखी एक डाग.

बिरादार लातुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात कार्यालय अधीक्षक होते. लोकांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणं हे त्यांचंच रोजचं काम असल्यामुळं मेकॅनिकवर चिडायला त्यांना तोंड नव्हतं. शिवाय चिडायला अंगात थोडा जीव लागतो. तो ॲडमिशनच्या दिवसांत संपायचा आणि पुढच्या ॲडमिशनपर्यंत भरून यायचा नाही.

पण गाडी आता फारच आवाज करायला लागली होती. इंजिनातून हरभरा दळल्यासारखी घरघर यायची. कॉलेजचा शिपाई ती ऐकून आधीच गेट उघडून ठेवायचा आणि हा आपला मान आहे असं बिरादारांना बरेच दिवस वाटत होतं. शनिवारी मात्र मेकॅनिकनं मर्यादा सोडली. स्कूटी घेऊन आलेल्या त्यांच्याच कॉलेजातल्या दोन मुलींसमोर तो म्हणाला, “काका, नुसतं ऑइल तर बदलायचंय. एवढ्यासाठी कशाला चकरा मारायलाव? घरी बी होतंय की ते. काय अवघड हाय त्यात?”

त्यातलं ‘काका’ त्यांनी सोडून दिलं असतं. ‘काय अवघड हाय त्यात’ हे मात्र घुसलं. कारण त्या मुलींपैकी एक हसली, आणि सोमवारी तिच्याच बोनाफाइडवर त्यांना सही करायची होती.

घरी येताना ते स्पेअर पार्टच्या दुकानात थांबले.

“ऑइल द्या,” बिरादार म्हणाले.

“कुठलं?”

“गाडीचं.”

दुकानदारानं त्यांच्याकडं, खेड्यातून पहिल्यांदाच शहरात आलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. “गाडी कुठली? मॉडेल कुठलं? दहा-तीस का वीस-चाळीस?”

हे गाड्यांचे नंबर आहेत, भाव आहेत की शर्टांची मापं, हे बिरादारांना कळलं नाही. पण अधीक्षक माणसानं काउंटरसमोर उभं राहून ‘मला माहीत नाही’ म्हणायचं नसतं. ते म्हणाले, “लाल आहे.” मागं उभा असलेला माणूस खोकल्यासारखं करून हसला. शेवटी दुकानदार बाहेर येऊन गाडी बघून गेला आणि एक डबा त्यांच्या हातात ठेवला. ते घरात शिरले तेव्हा शिवकांताबाईंनी डबा पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “हे कोण करणार?”

“मी.”

शिवकांताबाई एवढंच म्हणाल्या, “उद्या नळाला पाणी यायचंय, ध्यानात ठेवा.” त्यांना नवऱ्याचा हा आवाज माहीत होता. याच आवाजात त्यांनी मागं मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून घरात पाटा होता.

बसवकृपा अपार्टमेंट ही तीन मजली इमारत. खाली पार्किंग, पार्किंगच्या मधोमध जमिनीत हौद. लातुरात पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळं हौद हा इमारतीचा देव होता आणि बिल्डरनं त्याला शोभेल असंच स्थान दिलं होतं: पार्किंगची सगळी फरशी चारी बाजूंनी त्याच्याकडं उतरती होती. हौदाच्या तोंडाला पूर्वी वीतभर उंचीचा कठडा होता. चेअरमनसाहेबांना चारचाकी वळवताना तो आडवा यायचा म्हणून गेल्या वर्षी सर्वानुमते ठराव करून तोडला. ठरावाच्या वेळी बिरादारांनीही हात वर केला होता. मीटिंग लवकर संपावी एवढीच त्यांची त्या दिवशी इच्छा होती.

चेअरमन म्हणजे गुरुपादप्पा. एस.टी.त कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. बस स्टँडवर माईक हातात घेऊन आयुष्य गेल्यामुळं ते साधं ‘चहा ठेव’ म्हणाले तरी औशाची गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी बिरादारांनी गाडी डबल स्टँडला लावली आणि अंगातला शर्ट काढून ठेवला, तोच जिन्यातून आवाज आला.

“बिरादार! पार्किंगमध्ये दुरुस्तीकाम करायला परवानगी लागते.”

“अप्पा, नुसतं ऑइल बदलतोय.”

“आज ऑइल. उद्या कुणी ट्रक आणून उभा करील. अर्ज द्या.”

बिरादार वर गेले, कागद घेतला, अर्ज लिहिला, खाली आले. गुरुपादप्पांनी चष्मा चढवून तो वाचला आणि परत दिला. “विषय लिहिला न्हाई.” बिरादार वर गेले, विषय लिहिला. “तारीख कुठाय?” कॉलेजात हेच दोन प्रश्न विचारून बिरादारांनी आजवर किती पालकांना जिने चढायला लावले असतील याचा हिशोब कुणीच ठेवला नव्हता. तारीख टाकण्यासाठी तिसऱ्यांदा वर जाताना त्यांना त्या सगळ्यांबद्दल क्षणभर फार जवळीक वाटली. गुडघे त्याच क्षणी दुखायला लागले होते.

परवानगी मिळाली, तर पाना नव्हता. पाना होता वरच्या मजल्यावरच्या आनंदराज सोनकांबळेंकडं. सोनकांबळे बँकेत अधिकारी होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोबाइलवर बघून झालेले होते. त्यांनी त्याच पद्धतीनं घरात मधमाश्या पाळायचा विचार केला होता; बायकोनं, म्हणजे रूपालीताईंनी, वेळीच थांबवलं होतं. त्यांच्याकडं पान्यांची अख्खी पेटी होती. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“पाना देतो साहेब,” सोनकांबळे पेटी छातीशी धरून म्हणाले, “पण मी बी येतो. एकट्यानं करायचं काम न्हाई हे. व्हिडिओ लावून करू.”

अशा रीतीनं खाली तिघं जमले. बिरादार गाडीखाली आडवे, नटाखाली ऑइल धरायला घमेलं. सोनकांबळे डोक्याशी मोबाइल धरून. गुरुपादप्पा हौदाचं झाकण बाजूला सारून आत डोकावत, नळाला धार सुरू झाली का ते बघत. व्हिडिओतला माणूस पंजाबी होता, त्याची गाडी वेगळी होती, आणि तो नेमका महत्त्वाच्या जागी आला की मध्येच सिमेंटची जाहिरात लागायची. आधी गाडी जरा चालू ठेवून ऑइल गरम करून घ्या, म्हणजे पातळ होतं, असं तो म्हणाला. सोनकांबळेंनी गाडी जरा म्हणजे बरीच चालू ठेवली.

“आता खालचा नट डावीकडं फिरवा,” सोनकांबळे म्हणाले.

“कुणाच्या डावीकडं?” गाडीखालून आवाज आला.

प्रश्न बरोबर होता. वरून बघणाऱ्याची डावी एक, खाली झोपलेल्याची दुसरी. गुरुपादप्पा म्हणाले उजवीकडं. त्यांच्या डेपोत सगळे नट उजवीकडं उघडायचे. सोनकांबळे मोबाइल उलटा करून बघू लागले, तसं चित्रही उलटं झालं. बिरादारांनी जीव खाऊन एका बाजूला फिरवलं. नट हलला नाही. आणखी जोर लावला. कपाळाची शीर फुगली. मग सोनकांबळे म्हणाले, “साहेब, तुम्ही आवळायलाव.”

बिरादार काही वेळ नुसते पडून राहिले. खालून गाडी बघितली की ती फार मोठी दिसते. त्यांना वाटलं, इथंच थोडा डोळा लागला तर किती बरं. सावली होती. फरशी थंड होती.

“झोपलाव काय?” गुरुपादप्पांनी घोषणा केली.

मग पान्याला जुन्या नळाचा तुकडा अडकवण्यात आला. बिरादारांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यात ज्यांच्यावर ज्यांच्यावर चिडायचं राहून गेलं होतं त्या सगळ्यांना आठवून ओढला. नट सुटला. सुटला म्हणजे एकदम सुटला. पाठोपाठ काळंभोर, कढत ऑइल मनगटापासून कोपरापर्यंत आलं. बिरादार “अग आई ग!” म्हणून उठले. म्हणजे उठायला गेले. वर गाडी होती. डोकं फूटरेस्टला आपटलं, पाय घमेल्याला लागला, घमेलं कलंडलं.

आणि त्याच वेळी गुरुपादप्पांनी, माईक नसताना, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: “पाणी आलं! पाणी आलं!”

नळाची धार हौदात पडत होती. ऑइलचा काळा ओघळही त्याच दिशेनं निघाला होता. त्याला काही घाई नव्हती. बिल्डरनं काढून दिलेल्या उतारावरून, सर्वानुमते तोडलेल्या कठड्याच्या जागेवरून तो शांतपणे हौदात उतरला. तिघांनीही ते पाहिलं. कुणीच हललं नाही. लग्नात वरमाला पडताना सगळे जसे थांबतात तसे थांबले. मग बिरादारांनी अंगातली बनियन काढून ओघळावर टाकली, पण तोवर जे जायचं ते गेलं होतं.

तिघं हौदाच्या कडेला ओणवे झाले. पाण्यावर रंग पसरत होते, जांभळा, हिरवा, मोरपिशी. दिसायला चांगलं होतं.

“मोटार!” सोनकांबळे ओरडले आणि वर धावले. हौदातलं पाणी वर चढवणारी मोटार त्यांनी बंद केली म्हणून गच्चीवरची टाकी वाचली. त्या दिवशी सोनकांबळेंच्या हातून घडलेलं हे शेवटचं शहाणपण.

आरडाओरडा ऐकून तळमजल्यावरच्या लक्ष्मम्मा काठी टेकत आल्या. त्या देगलूरकडच्या, घाबरल्या की आधी तेलुगू यायची. “एमैंदी? काय झालं?” त्यांनी विचारलं. हौदात बघितलं. मग कलंडलेल्या घमेल्यात उरलेल्या ऑइलकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “जळकं ऑइल हाय ना हे? बाबा, मला दे. दाराला वाळवी लागलीय.”

“अम्मा, हौदात गेलंय,” बिरादार म्हणाले.

“हौदातलं काढून दे की मग.”

एव्हाना शिवकांताबाई खाली आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, बादलीतल्या थंड पाण्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. बिरादारांना त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता काय करायचं, यावर सल्ले सुरू झाले. गुरुपादप्पा म्हणाले तुरटी फिरवा. लक्ष्मम्मा म्हणाल्या बेसन टाका, तेल पितं. कुणी वर्तमानपत्रं पसरायला सांगितलं; ती पसरली, भिजली आणि रविवारच्या पुरवणीसकट बुडाली. शेवटी सोनकांबळे म्हणाले, “तेल वर तरंगतं. हौद काठोकाठ भरून वाहू द्या. तेल आपोआप बाहेर जाईल.” ही गोष्ट इतकी साधी आणि बरोबर होती की सल्ले तिथंच थांबले. नळाची धार चांगली होती. पाणी चढत होतं. रंग वर वर येत होते. अर्धा हौद, पाऊण हौद. बिरादार कडेला उकिडवे बसून त्या पाण्याकडं, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसं बघत होते. चार बोटं राहिली असतील, एवढ्यात धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, नळानं एक ढेकर दिली आणि पाणी गेलं.

“चार बोटं,” बिरादार म्हणाले.

त्यांनी नळ सोडणाऱ्या माणसाला फोन लावला. “साहेब, फक्त पाच मिनिटं आणखी सोडता का?” तो म्हणाला, मी आता दुसऱ्या भागात आहे, तुम्ही ॲपवर तक्रार टाका. ॲपवर गढूळ पाणी होतं, कमी दाब होता, गळती होती. ‘स्वतःच्या हातानं ऑइल सांडलं’ असा प्रकार नव्हता. बिरादारांनी ‘इतर’वर बोट ठेवलं आणि कार्यालयीन भाषेत चांगला परिच्छेद लिहिला. दोन मिनिटांत उत्तर आलं: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. असलं वाक्य त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्यांना थोडा हेवा वाटला.

मग खासगी टँकरवाला.

“चार बोटं पाणी पाहिजे,” बिरादारांनी फोनवर सांगितलं.

“साहेब, मी पाणी इकतो. बोटावर मोजून देत न्हाई. टँकर पाहिजे तर सांगा.”

टँकर सांगितला. तो येईपर्यंतच्या वेळात, सगळे चहा घ्यायला वर गेलेले असताना, सोनकांबळे खालीच थांबले. त्यांना आणखी एक व्हिडिओ सापडला होता. त्यात समुद्रावर सांडलेलं तेल कसलीशी पावडर टाकून फोडत होते. त्यांनी घरातून भांड्यांच्या साबणाची बाटली आणली आणि अख्खी हौदात ओतली. वर कपड्यांची पावडर. मनात वाईट काही नव्हतं. शेजारी अडचणीत होता आणि त्याला मदत करायची होती, एवढंच.

टँकर आला. टँकरवाल्यानं जाड पाइप हौदात सोडला आणि कॉक उघडला. पाण्याचा लोट उंचावरून, जोरात, साबणाच्या पाण्यात पडला.

आधी नुसता पांढरा फेस दिसला. मग तो हौदाच्या तोंडातून वर आला, शिजताना भात उतू जावा तसा. मग पार्किंगभर झाला. त्याला काळपट कडा होती आणि आत इंद्रधनुष्याचे रंग. गुरुपादप्पा ओरडले, “पाणी बाहेर काढा! गेटकडं!” पण उतार हौदाकडं होता. बिरादार आणि सोनकांबळे वायपर घेऊन फेस गेटकडं ढकलत आणि तो मुकाट्यानं माघारी येई. मध्ये उभे राहून गुरुपादप्पा बस मागं घ्यायला सांगावं तसं सांगत होते: “येऊ द्या, येऊ द्या, डावीकडून येऊ द्या… बस बस बस!” बिरादार घसरले. सोनकांबळेंनी त्यांना धरलं आणि मग दोघंही घसरले. टँकरवाल्याला ‘बंद करा’ म्हणून कुणी सांगायला हवं होतं, पण तो पाइप लावून पानटपरीवर गेला होता.

शेवटी पाणी गेटबाहेर गेलं. आणि लातुरात रस्त्यावर पाणी वाहू देणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. एकेकाळी इथं पाणी रेल्वेनं आलेलं आहे. गल्लीतली दारं पटापट उघडली. “पाणी सोडून दिलंय रस्त्यावर! लाज वाटती का?” “आम्हाला हंडाभर मिळंना, अन् ह्यांच्या इथं कारंजं सुरू हाय!” बायका कळशा, बादल्या, पातेली घेऊन धावत आल्या, गेटाशी वाकून पाणी भरायला लागल्या, मग भांड्यात काय भरलंय ते त्यांना दिसलं. त्या हळूहळू सरळ झाल्या. बिरादार त्यांच्यासमोर उभे होते, बनियनशिवाय, कोपरापर्यंत काळे आणि कमरेपर्यंत फेसात. मागच्या रांगेत, प्लास्टिकची बादली घेऊन, ती बोनाफाइडवाली मुलगी होती.

“सर?” ती म्हणाली.

“कार्यालयात या,” बिरादार म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. तोंडात तेवढंच वाक्य तयार होतं.

दुपारी रूपालीताई ड्यूटीवरून आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि घाबरून जाणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती. त्यांनी हौदातलं पाणी तळहातावर घेतलं, वास घेतला, नवऱ्याकडं एकदा बघितलं. नवरा मोबाइल खिशात घालून भिंतीकडं सरकला.

“हे कुणी प्यायचं न्हाई, आंघोळीला बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “सगळा हौद उपसायचा, घासायचा, दोनदा धुवायचा. तोवर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सगळ्यांनी जपून वापरायचं. अन् दादा, तुमचा हात दाखवा आधी.” त्यांनी मलम लावलं, पट्टी बांधली, वर प्लास्टिकची पिशवी बांधून दिली. दिवसभरात एवढं एकच काम असं झालं, की जे पहिल्या खेपेला नीट झालं.

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या मुकादमाला साबणाचं पाणी चाललं. त्यानं आपली मोटार लावून हौद रिकामा केला. जाताना त्याला गुरुपादप्पांनी अर्ज मागितला. तो नुसता हसला आणि गेला. मग कुणी हौदात उतरायचं हा प्रश्न आला आणि सगळे बिरादारांकडं बघायला लागले. हौद किती वेळचा उघडा होता, रूपालीताईंनी आत पंखा लावून हवाही खेळवली होती. आता नाही म्हणायला काही निमित्त उरलं नव्हतं.

बिरादार शिडी लावून उतरले.

आत गार होतं. भिंतींना शेवाळाचा मऊ थर होता आणि तळाला बोटभर पाणी. वरून चौकोनी उजेड पडत होता. काही वेळ ते खराट्याला टेकून नुसते उभे राहिले. वरची बोलणी ऐकू येत होती, पण शब्द कळत नव्हते. कानावर उशी धरून ऐकावं तसं सगळं लांबून येत होतं. इथं कुणी सल्ला देत नव्हतं. कुणी आज या, उद्या या म्हणत नव्हतं. कार्यालय नव्हतं, गॅरेज नव्हतं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा बिरादार एका जागी होते आणि त्यांच्याकडून काहीच नको होतं, भिंत घासण्याखेरीज. ते घासायला लागले. डाव्या हातानं, सावकाश. भिंत स्वच्छ होत गेली. घासली की स्वच्छ होणारी एखादी गोष्ट जगात आहे, याचंच त्यांना बरं वाटलं.

कोपऱ्यात गाळात काहीतरी टोचलं. उचललं. ऑइलचा नट. घमेल्याबरोबर तोही हौदात आला होता तर. त्यांनी तो धुतला आणि खिशात टाकला.

शिडी हलली. शिवकांताबाई पदर खोचून, एका हातात घासणी घेऊन खाली उतरत होत्या.

“तू कशाला आलीस?”

“वर चेअरमनसाहेब ठराव वाचून दाखवायलेत,” त्या म्हणाल्या. “कठडा परत बांधायचा म्हणे. तुमच्या खर्चानं.”

त्या समोरची भिंत घासायला लागल्या. खर्र, खर्र, खर्र. मग शिवकांताबाईंच्या खांद्याला एकदम कंप आला. बिरादार घाबरले, त्यांना वाटलं, रडतेय. त्या हसत होत्या. तोंडावर हात धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

“‘कार्यालयात या!’” त्या कशाबशा म्हणाल्या. “अंगावर बनियन न्हाई, आणि ‘कार्यालयात या’!”

बिरादारांनी मान फिरवायचा प्रयत्न केला. अधीक्षक माणसानं अशा वेळी मान फिरवायची असते. पण मान फिरवली तरी तिकडं भिंतच होती. मग तेही हसले. हसता हसता खाली बसले, त्या बोटभर पाण्यात. शिवकांताबाई शेजारी बसल्या.

तेवढ्यात चौकोनी उजेडात सोनकांबळेंचं डोकं आलं. चेहऱ्यावर पश्चात्तापही होता आणि उत्साहही.

“साहेब, तुम्ही लई थकलाव. म्हटलं तेवढं तरी आपण करावं. तुमचं नवं ऑइल मी गाडीत टाकून दिलं. अख्खा डबा. आता काळजी करू नका!”

बिरादारांचा हात खिशाकडं गेला. नट जागेवर होता.

सोनकांबळेंचं डोकं उजेडातून गेलं. मग “अरे? अरे अरे अरे!” असा सोनकांबळेंचा आवाज आला, पाठोपाठ गुरुपादप्पांची घोषणा, पाठोपाठ पळापळ. कुणीतरी घमेलं मागत होतं. लक्ष्मम्मा विचारत होत्या, हे नवं वाळवीला चालतं का.

हौदाच्या काठावरून मधाच्या रंगाचा, स्वच्छ, पारदर्शक धागा आत उतरला आणि उन्हात चमकत खाली आला. बिरादारांनी बसल्या बसल्या बादली पायानं सरकवली आणि त्याच्याखाली धरली. टप्. टप्. टप्.

“बिरादार!” वरून गुरुपादप्पांचा आवाज आला. “वर यायलाव का न्हाई?”

बिरादार तोंड उघडणार, तेवढ्यात शिवकांताबाईंनी त्यांच्या प्लास्टिकची पिशवी बांधलेल्या हातावर हात ठेवला आणि वर बघून, संथपणे, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं सांगितलं:

“न्हाई.”